सरूमावशींची मोजणी

सरूमावशी कुठलंही पान हातात आलं की आधी उलटं करून बघायच्या. आपण माणसं पान वरून बघतो आणि हिरवंगार दिसलं की खूश होतो. मावशींचं म्हणणं असं, की जे काही वाईट असतं ते पानाच्या खालच्या अंगाला असतं, आणि वरून बघणारा माणूस एक तर साहेब असतो नाही तर आंधळा. मी दोन्ही नव्हतो. पण पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दोन्ही ठरवून टाकलं होतं.

मी मूळचा पाटसचा. हिवाळ्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची नोंद ठेवायची आणि पावसाळ्याचे चार-पाच महिने तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका संशोधन शेतावर वही लिहायची, असा माझा दोन हंगामांचा संसार. संशोधन शेत म्हणजे काय हे पाटसमध्ये कुणाला सांगून पटत नसे. औषधाच्या कंपन्या नवीन फवारे बनवतात. बाजारात आणायच्या आधी ते पिकावर मारून बघावे लागतात. ते काम कंपनी आमच्या शेतावर कराराने टाकायची. बाटलीवर औषधाचं नाव नसायचं, नुसता आकडा. शेताचे सारखे वाफे पाडायचे, कुठे एक औषध, कुठे दुसरं, कुठे दुप्पट, आणि काही वाफ्यांत मुद्दाम काहीच नाही. त्याला ऑफिसात कंट्रोल म्हणत. बायका त्याला कोरा वाफा म्हणायच्या आणि तेच नाव जास्त बरोबर होतं.

प्रत्येक वाफ्याला नंबर असायचा आणि माझ्या वहीतला सगळा हिशेब नंबरावर चालायचा. पण कामाला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी नंबर वाचू शकत नव्हत्या, म्हणून वाफ्यांच्या तोंडाला रंगीत झेंडे लावलेले असत. लाल, निळा, पिवळा असे. पांढरा झेंडा म्हणजे कोरा.

रोज सकाळी गेटातून आत येताना मावशी "जयभीम, भाऊसाहेब" म्हणायच्या आणि लगेच वारा कुठून आहे ते विचारायच्या. मला ठाऊक नसायचं. मग चिमूटभर माती वर उडवून त्या स्वतःच बघायच्या आणि जेवायला कुठे बसायचं ते सकाळीच ठरवून टाकायच्या. जेवताना भाकरी एका कडेला धरायच्या आणि जिथे बोटं लागली तेवढा तुकडा शेवटी मातीत पुरायच्या. हात तीनदा धुतलेले असले तरी. बाकीच्या बायका त्यांना हसायच्या. मीही हसायचो. एकदा मी म्हणालो, मावशी, त्या तुकड्यावर मुंग्यांचं अख्खं वारूळ जगेल. त्या म्हणाल्या, "मी मुंग्या बगत असती भाऊसाहेब. त्या त्यो तुकडा खात न्हाईत." पुढे दोन-तीन दिवस मी स्वतःच्या पोळीकडे संशयाने बघत जेवलो.

त्या भित्र्या होत्या हे खरंच. शेत चालवणाऱ्या साहेबांना भ्यायच्या, जिन्याला भ्यायच्या, लस टोचणाऱ्या बाईला भ्यायच्या. पण बिबट्याला भीत नव्हत्या. शेताच्या तिन्ही बाजूंनी ऊस, आणि त्या भागात बिबट्याची बातमी नाही असा आठवडा जात नाही. बायका घोळक्याने यायच्या, हातात काठ्या, मोबाइलवर मोठ्याने भजनं लावलेली. मावशी एकट्या बांधावरून चालत यायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "बिबट्या दिसतो तरी. कुत्री भुकत्यात, वास येतो. ह्येला ना रंग ना वास. ह्येला भ्यायचं न्हाई तर कशाला?" आणि हातातला पंपाचा नोझल दोन बोटांत धरून लांब ठेवला.

मोजणीला मात्र त्यांच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. आमच्या कामात मोजणी हाच प्राण. ठरवून दिलेली पानं उलटी करायची आणि त्यावरचा मावा, पांढरी माशी, आळ्या, जे असेल ते मोजायचं. मोजणाऱ्याने आकडा सांगायचा, मी लिहायचा. एकदा कंपनीचा एक माणूस तपासणीला आला. त्याने भिंग लावून एक पान मोजलं आणि नऊ सांगितले. मावशींनी आधीच सतरा सांगितले होते आणि मी ते लिहिलेही होते. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी वहीत कविताच केली आहे. मावशींनी पान मागून घेतलं, काडीच्या टोकाने एकेक किडा दाखवत गेल्या, शिरेच्या आडोशाला दडलेले, कातीतून नुकते निघालेले, पाण्यासारखे. सतरा भरले. तो माणूस चहाला बसला तेव्हा साहेबांना म्हणाला की ह्या बाईंना जाऊ देऊ नका. साहेबांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. मावशी लाजल्या आणि नंतर दिवसभर भीत राहिल्या, की आता कधी चुकलं तर?

आता खड्ड्याबद्दल सांगायला हवं. ट्रायलचा माल कुणी खायचा नसतो. वांगी, मिरची, काकडी, सगळं तोडून, वाफ्यावाफ्याने वजन करून शेताच्या टोकाला खड्ड्यात टाकायचं आणि वरून चुना आणि माती. कोऱ्या वाफ्याचाही माल खड्ड्यातच, कारण नियम म्हणजे नियम. आमच्याकडे कुठल्याही रानात भाजी तोडायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत पावशेर-अर्धा किलो वानोळा घेऊन घरी जाते. ते कुणी मागत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. इथे गेटवर वॉचमन पदर झटकायला लावायचा. बायकांना मजुरीपेक्षा ते जास्त लागायचं. टवटवीत वांग्यांचे ढीग मातीत जाताना बघून एकदोघींनी डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला आहे.

मावशी मात्र वानोळा न्यायच्या. माझ्या दुसऱ्या हंगामात मला ते कळलं. वॉचमन पदर बघायचा, पण जेवणाचा डबा उघडत नसे. त्या कोऱ्या वाफ्यातली किडकी वांगी डब्यात टाकायच्या, दोन किंवा तीन, त्याहून जास्त कधी नाही. मी पकडलं तेव्हा डबा पदराआड धरला, पण बोलल्या ते नीट बोलल्या. "अख्ख्या तालुक्यात बिगर औषधाची भाजी कुठं मिळती सांगा. समदी आज फवारत्यात आन् उद्या तोडत्यात. हितं पांढऱ्या झेंड्यात थेंब पडत न्हाई, तुमच्याच वहीत लिवल्यालं हाय." त्यांची एक परीक्षाही होती. वांग्याला भोक हवं आणि आत आळी जिवंत हवी. आळी मेलेली निघाली तर वांगं टाकून द्यायच्या. मला हसू आलं. विष तपासायच्या शेतावरून ही बाई तालुक्यातली सगळ्यात चोख भाजी घरी नेत होती. मी गप्प बसायचं कबूल केलं.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्यांची मुलगी सुजाता माहेरी आली होती. ती दिली होती दौंडच्या बाजूला. घराला लागूनच भाजीचं रान आणि तिथे दिवसाआड पंप चालायचा. तिचं दोनदा पोट पडलं होतं. डॉक्टरांनी कारण काही सांगितलं नव्हतं, पण मावशींनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. या वेळी सहावा सरल्याबरोबर त्या स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या आणि बाजाराची भाजी घरात येणं बंद केलं. डाळ, भात, दारातलं शेवग्याचं झाड आणि डब्यातली किडकी वांगी. "ह्या खेपेला कायबी व्हऊ देणार न्हाई," असं त्या मला दर दोन दिवसांनी सांगायच्या, जणू मीच काही करणार होतो.

मीच केलं.

मावशी त्या हंगामात आधी मिरचीच्या ट्रायलवर होत्या. वांगी तोडणीला आली तशी त्यांना वांग्यात घेतलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि वांग्याच्या चोवीस वाफ्यांपैकी पाच-सहा झेंडे उडाले. मी ते परत लावत होतो. सतराव्या वाफ्याचा पिवळा काही सापडेना. पिवळं कापड संपलेलं, पांढरा एक शिल्लक होता. तोच खोचला. माझा हिशेब नंबरावर होता. झेंडा काय, पिवळं कापड आलं की बदलू. आणि मी ते विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी मावशी वांग्यात आल्या, सवयीने एक चक्कर मारली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊसाहेब, औंदा कोरे पाच केल्यात का? दर साली चारच असत्यात." मी वजनं लिहीत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "हं."

एवढंच. त्या एका हुंकाराची मला आजही भीती वाटते.

आठएक दिवसांनी दुपारी मी त्यांना सतराव्या वाफ्यात डबा उघडताना पाहिलं. सहज म्हणून झेंड्याकडे नजर गेली, तर तो पांढराच. वही उघडून पाहिली. सतरा म्हणजे दुप्पट मात्रेचं औषध, आठ दिवसांत दोनदा मारलेलं. पुरुष सकाळी लवकर पोशाख चढवून फवारून जायचे, बायका नंतर यायच्या, त्यामुळे त्यांनी ते बघितलेलंच नव्हतं. आणि आळीची परीक्षाही तिथे फसली होती, कारण आळी वांग्याच्या आत सुखात होती आणि औषध वरच्या सालीवर.

मी जवळ गेलो आणि म्हणालो, मावशी, या वाफ्यात औषध आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी वहीवर बोट ठेवून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिस झालं?" मी सांगितलं. त्यांनी डब्यातली वांगी खाली ठेवली, एकेक करून, अलगद, आणि गेटाकडे चालत सुटल्या. झेंड्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

त्या रात्री मी सुजाताचा विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी माझाच विचार केला. घरी दोन पोरं, कारखान्याचा हंगाम दोन महिने लांब, आणि औषधाच्या कामात असली चूक म्हणजे पुन्हा कुठल्या शेतावर कुणी उभं करणार नाही. सकाळी बायकांच्या आधी मी शेतावर पोचलो, घरातल्या जुन्या पिवळ्या ओढणीचा तुकडा खिशात घालून. पांढरा झेंडा उपटला, पिवळा बांधला. उपटलेला खड्ड्यात टाकला.

मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या. जयभीम नाही, वारा नाही. थेट सतराव्या वाफ्यापाशी गेल्या आणि पिवळ्या झेंड्यापुढे उभ्या राहिल्या. डोळे पुसले. मग सगळ्या चोवीस वाफ्यांतून चालत जाऊन पांढरे मोजून आल्या. मी शेडमधून बघत होतो. त्यांनी दोनदा मोजले.

आणि मग जी बाई साहेबांच्या खुर्चीला भ्यायची ती ऑफिसची पायरी चढून आत गेली. मीही मागून गेलो, कारण बाहेर थांबायची त्याहून जास्त भीती वाटत होती. मावशी टेबलापुढे उभ्या होत्या, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून.

"साहेब, मी चोरी केली," त्या म्हणाल्या. "वांगी नेली. माज्या लेकीनं खाल्ली, तिला सातवा हाय. मला कामावरनं काढा, पोलिसात द्या, पन त्या औषधाचं नाव सांगा."

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला. नाव त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्याकडेही आकडाच. त्यांनी आधी कुठला वाफा ते विचारलं. मावशी म्हणाल्या, पांढऱ्या झेंड्याचा होता, कोरे पाच होते. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, कोरे किती?

मावशींनीही माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आशेने. मी एकदा हं म्हणालो होतो ना.

"चार," मी म्हणालो.

वहीप्रमाणे ते खरंच होतं. मावशींनी टेबलाची कड सोडली आणि त्या हळू म्हणाल्या, "मंग मीच चुकले."

मी वहीतून सतराव्याच्या औषधाचा आकडा सांगितला आणि साहेबांनी कंपनीला फोन लावला. तिकडून आधी म्हणाले की नाव सांगता येत नाही, मग म्हणाले की विचारून सांगतो. मावशी ऑफिसच्या दारात जमिनीवर बसून राहिल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला नाव आलं. साहेबांनी ते कागदावर लिहून दिलं. औषध अजून बाजारातही आलेलं नव्हतं. मावशींनी कागद मुठीत धरला आणि जीपच्या थांब्याकडे पळाल्या. पन्नाशीच्या पुढची बाई, त्या चिखलातून पळत होती. सोबत जायचं माझ्या मनात आलं आणि मनातच राहिलं.

सुजाताला सरकारी दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. तिला काही झालं नाही, साधी उलटीसुद्धा नाही. पण पोटातल्या जिवाचं डॉक्टरांना सांगता येईना. औषध नवीन, कुणाला काय माहीत, बाळ आल्यावर बघू, असं ते म्हणाले. म्हणजे दोन महिने. ते दोन महिने त्या घरात कसे गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मावशींना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं गेलं होतं. बायकांकडून तुटक तुटक कळायचं. म्हातारी पोरीच्या पोटाला कान लावून बसते. आता भाजी आणत नाही, फक्त मीठ-भात. परवा दळण मोजून दिलं आणि परत येऊन म्हणाली, तू मोज गं, माझा भरवसा नाही. हे शेवटचं ऐकलं आणि मी जेवणावरून उठलो.

कारखाना सुरू झाला, मी पाटसला परतलो. एक दिवस गाड्यांच्या रांगेत उभा असताना वॉचमनचा फोन आला. सुजाताला मुलगा झाला, धडधाकट. मी टोपी काढून घाम पुसला. तो हसत पुढे म्हणाला, म्हातारी येईल त्याला पोराची बोटं मोजायला लावते, स्वतः मोजत नाही. मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर तिथेच एका ट्रॉलीला टेकून बसलो. त्या शेतावर मी पुन्हा गेलो नाही. साहेबांना कारण दिलं की तब्येत बरी नसते.

दोन वर्षांनी मेव्हण्याच्या कामासाठी तळेगावला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या रांगेतून जीपकडे जाताना मावशी दिसल्या. कडेवर पोरगं. डोळ्यांत काजळ, गालाला तीट, एका हाताने आजीचा पदर ओढतंय. मावशी वांग्यांच्या ढिगापुढे वाकल्या होत्या, पण वांगं स्वतः बघत नव्हत्या. एकेक उचलून विकणाऱ्या पोरीकडे द्यायच्या आणि म्हणायच्या, "आळी हाय का बग गं. मला काय दिसत न्हाई आता." सतरा किडे सतरा सांगणारी ती बाई. डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता, काही नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं आणि तोंडभर हसल्या. रागाचा लवलेश नाही. लेक बरी आहे, नांदायला परत गेली, नातू आठवडाभर आजीकडे आलाय, नाव सम्यक, असं सगळं सांगितलं. आणि मग, मला वाटलंच होतं तसं, पोराचा हात माझ्यापुढे धरला.

"भाऊसाहेब, तुमी लिवणारी मानसं. ह्याची बोटं मोजा बरं."

मी त्याचा हात हातात घेतला. मऊ, गुळाने चिकट झालेला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मी मोजली, मोठ्याने. पाच. दुसऱ्या हाताचीही मोजली. पाच.

"नक्की?"

"नक्की, मावशी." पोरगं हात सोडवून घेत होतं आणि मी सोडत नव्हतो. "मावशी, कोरे झेंडेबी पाचच होते. सतराव्यात पांढरा मीच लावला होता. आन् सकाळी मीच काढला."

आजूबाजूला बाजार चालू होता, कुणी लसणाचा भाव विचारत होतं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. पान उलटं करून बघावं तशा बघत होत्या, आणि त्यांना खालचं सगळं दिसत होतं. त्यांनी शिव्या द्याव्यात, हात उगारावा, काही करावं असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्या हातातून पोराचा हात काढून घेतला. बस तेवढंच.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. जीप बाजारातून हळूहळू निघाली तेव्हा मागून मावशी दिसत होत्या. एका रिकाम्या क्रेटवर बसल्या होत्या, नातू मांडीवर, वांग्यांची पिशवी पायाशी. त्यांनी त्याचा हात आपल्या तळव्यावर पसरला आणि बोटं मोजायला लागल्या. ओठ हलताना मला दिसत होते. एकदाच मोजली, आणि त्याची मूठ मिटून दिली.